नागरिकाचं गिऱ्हाईक

ऑक्टोबर २०१४. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं फ्लिंट शहर. तिथल्या जनरल मोटर्सच्या इंजिन कारखान्यात सुटे भाग गंजायला लागले. दोष निघाला नळाच्या पाण्यात. सहा महिन्यांपूर्वी शहराने पाण्याचा स्रोत बदलला होता आणि नव्या पाण्यात क्लोराइड बरंच जास्त होतं. कंपनीने फारसा आरडाओरडा केला नाही. शेजारच्या टाउनशिपकडे, म्हणजे लगतच्या छोट्या वेगळ्या पालिकेकडे, जुन्याच स्रोताचं पाणी येत होतं, ते घ्यायला तिने सुरुवात केली. शहराचं सुमारे चार लाख डॉलरचं उत्पन्न बुडालं, पण परवानगी मिळाली. गिऱ्हाईक नाराज झालं, दुसऱ्या दुकानात गेलं. बाजारात असंच चालतं.

तेच पाणी शहरातली जवळपास एक लाख माणसं पुढे आणखी वर्षभर पीत होती. त्यांना जायला दुसरं दुकान नव्हतं.

त्या वेळी राज्याचे गव्हर्नर असलेले रिक स्नायडर नागरिकांना कौतुकाने 'ग्राहक' म्हणत. सरकारने ग्राहकाला चांगली सेवा द्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्यात वाईट काहीच नाही. आपल्याकडेही सोसायटीच्या वार्षिक सभेत पाणी आणि पार्किंग हे विषय संपले की कोणीतरी म्हणतंच, 'हा देश ना, एखाद्या कंपनीसारखा चालवायला पाहिजे.' मिशिगनने हे आठ वर्षं करून बघितलं. काही कामं खरोखर चांगली झाली. एक काम इतकं बिघडलं की त्याचं नाव आजही पाण्याशीच जोडलेलं आहे. हे सगळं एकाच माणसाच्या, एकाच पद्धतीतून कसं झालं, ते बघण्यासारखं आहे.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. अमेरिकेतला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपाल नव्हे. राजभवनात राहून शपथा देणारं ते पद नाही. लोक त्याला थेट मत देऊन निवडतात, तो खाती चालवतो, अर्थसंकल्प मांडतो, विधिमंडळाने केलेल्या कायद्यावर सही करतो किंवा तो अडवतो. आपल्या मापाने मोजायचं तर तो मुख्यमंत्रीच, फक्त आमदारांच्या पाठिंब्यावर त्याची खुर्ची टिकून नसते. म्हणून ज्याने आयुष्यात कधी निवडणूक लढवलेली नाही असा उद्योजकही तिथे एका उडीत राज्याचा प्रमुख होऊ शकतो.

स्नायडर तसेच आले. जन्म १९५८ चा, गाव बॅटल क्रीक. केलॉग्जचे कॉर्नफ्लेक्स जिथले, तेच. वडिलांचा खिडक्या पुसून देण्याचा छोटा व्यवसाय. पोरगा मात्र अभ्यासात अचाट: मिशिगन विद्यापीठातून पदवी, एमबीए आणि कायद्याची पदवी, तिन्ही तेविसाव्या वर्षापर्यंत खिशात. मग लेखापाल म्हणून नोकरी, आणि १९९१ मध्ये गेटवे या संगणक कंपनीत. गाईच्या कातड्यासारख्या काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या खोक्यांतून घरपोच संगणक पाठवणारी ती कंपनी. तिथे ते अध्यक्षपदापर्यंत चढले. १९९७ मध्ये परत येऊन अॅन आर्बरला त्यांनी नव्या कंपन्यांत भांडवल घालण्याचा स्वतःचा धंदा उभा केला.

२०१० मध्ये गव्हर्नरपदाची निवडणूक आली तेव्हा त्यांचं नाव राज्यात फारसं कोणाला माहीत नव्हतं. सुपर बोल या फुटबॉलच्या महासामन्याच्या वेळी त्यांची जाहिरात झळकली: 'वन टफ नर्ड'. म्हणजे माणूस पुस्तकी किडा, पण कणखर. भाषण जमत नाही, टाय आवडत नाही, आकडे मात्र तोंडपाठ. लोकांना ते भावलं. रिपब्लिकन पक्षातल्या मुरलेल्या नेत्यांना मागे टाकून त्यांनी उमेदवारी मिळवली आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे ५८ टक्के मतं घेऊन जिंकले.

लोकांना ते का भावलं हे कळायला मिशिगनची तेव्हाची अवस्था माहीत हवी. मोटारींचं हे राज्य. २००० ते २०१० या दशकात अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी लोकसंख्या घटलेलं एकमेव राज्य मिशिगन. २००९ मध्ये बेरोजगारी १४ टक्क्यांच्या पुढे. अर्थसंकल्प वेळेत मंजूर न झाल्याने २००७ आणि २००९ मध्ये सरकारी कामकाज काही तासांसाठी बंद पडलेलं. अशा घरात हिशेबाची वही नीट लिहिणारा माणूस आला, तर घरच्यांना बरं वाटणारच.

आणि वही त्यांनी नीट लिहिली, हे मान्य करायला हवं. पहिल्या वर्षी पगार एक डॉलर घेतला. राज्याच्या कामगिरीचा 'डॅशबोर्ड' काढला. गाडीच्या काट्यांवरून जसा वेग आणि पेट्रोल कळतं, तसे वीसेक निकषांवर राज्य कुठे वर जातंय, कुठे खाली, हे कोणालाही इंटरनेटवर दिसावं. अर्थसंकल्प दर वर्षी मुदतीच्या काही महिने आधी मंजूर होऊ लागला. आपत्कालीन निधीत २०११ मध्ये जेमतेम वीस लाख डॉलर होते; स्नायडरनी पद सोडलं तेव्हा ते एक अब्ज डॉलरच्या आसपास होते. उद्योगांवरचा किचकट कर काढून त्यांनी कंपन्यांच्या नफ्यावर सरळ सहा टक्के कर आणला. त्याने तिजोरीला दीड अब्ज डॉलरहून मोठं भोक पडलं. ते बुजवताना निवृत्तिवेतनावर कर आला आणि कमी कमाई असलेल्या कामगार कुटुंबांची करसवलत कापली गेली. हाही हिशेबच, पण कोणाच्या खात्यातून काढून कोणाच्या खात्यात घातलं, हे हिशेब जुळला की दिसेनासं होतं.

त्यांचं एक घोषवाक्य होतं, 'रिलेंटलेस पॉझिटिव्ह अॅक्शन'. मराठीत सांगायचं तर कोणाला दोष देऊ नका, श्रेय मागू नका, काम पुढे ढकला. ढकला म्हणजे लांबणीवर टाका असं नव्हे, रेटा. आपल्या भाषेत हा शब्द दोन्हीकडे जातो, सरकारी कामातही तसंच असतं.

या रेटण्याचा सगळ्यात छान नमुना म्हणजे पूल. डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांच्यामध्ये नदी आहे, आणि तिच्यावरचा मोठा पूल एका खासगी कुटुंबाच्या मालकीचा. दुसरा पूल झाला तर त्यांच्या टोलवर गदा येणार, म्हणून विरोध जबरदस्त. विधिमंडळ हलेना. स्नायडरनी २०१२ मध्ये विधिमंडळाला वळसा घालून थेट कॅनडाशी करार केला: मिशिगनच्या वाट्याचा खर्चही कॅनडा करेल आणि टोलमधून वसूल करेल. पुढे आइस हॉकीपटू गोर्डी हौ यांचं नाव मिळालेला पूल तो हाच. आपल्याच पक्षातल्या कित्येकांचा विरोध असताना गरिबांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना वाढवण्याच्या कायद्यावर त्यांनी २०१३ मध्ये सही केली. सहा लाखांहून जास्त माणसांना त्यातून विमा मिळाला. तिथेही त्यांचा युक्तिवाद नफा-तोट्याचाच होता.

अडथळा दिसला की वळसा घालायचा, ही सवय लक्षात ठेवा. पुलाच्या बाबतीत ती शहाणपणाची ठरली.

आता मुख्य हत्याराकडे येऊ. मिशिगनमध्ये दिवाळखोरीच्या काठावर आलेल्या शहरावर किंवा शाळा मंडळावर राज्याने 'इमर्जन्सी मॅनेजर' नेमण्याची सोय जुनी, स्नायडरच्या आधीची. आपण त्याला प्रशासक म्हणू. मराठी वाचकाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे कित्येक वर्षं नगरसेवकांविना आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार बघत होते. कारण वेगळं होतं. इथे आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले, तिथे कर्ज. पण वॉर्डातली गटारं तुंबली तर कोणाच्या दारात जायचं, हा प्रश्न दोन्हीकडचा.

स्नायडरनी मार्च २०११ मध्ये नवा कायदा करून या प्रशासकाचे अधिकार भरपूर वाढवले. तो कामगार संघटनांशी झालेले करार मोडू शकत होता, शहराची मालमत्ता विकू शकत होता, निवडून आलेल्या महापौराला आणि नगरसेवकांना नामधारी करू शकत होता. कंपनी डबघाईला आली की संचालक मंडळ बाजूला सारून नवा माणूस बसवतात, तेच इथे. विरोधकांनी सह्या गोळा केल्या, सार्वमत झालं आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी हा कायदा रद्द केला. दोन महिनेही उलटले नसतील, विधिमंडळाने थोडे फेरफार करून तसाच कायदा पुन्हा केला आणि गव्हर्नरनी सही केली. या वेळी त्यात थोड्या पैशांची तरतूद घातली होती. मिशिगनच्या राज्यघटनेप्रमाणे ज्या कायद्यात खर्चाची तरतूद असते त्यावर सार्वमत घेता येत नाही. पुन्हा वळसा, फक्त या वेळी तो मतदारांनाच घातलेला.

डेट्रॉइटमध्ये या हत्याराने काम केलं. १९५० मध्ये साडेअठरा लाख वस्ती असलेलं हे शहर सात लाखांवर आलं होतं. रस्त्यावरचे ४० टक्के दिवे बंद. पोलिसांना बोलावलं तर यायला सरासरी जवळपास तास. मार्च २०१३ मध्ये स्नायडरनी केव्हिन ऑर या दिवाळखोरीच्या वकिलांना प्रशासक नेमलं आणि १८ जुलै २०१३ रोजी शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज सुमारे १८ अब्ज डॉलर. अमेरिकेच्या इतिहासात एवढ्या मोठ्या कर्जाचं दुसरं शहर बुडालेलं नाही. धनकोंची नजर शहराच्या कलासंग्रहालयावर होती: व्हॅन गॉग विका आणि आमचे पैसे द्या. दुसऱ्या बाजूला हजारो निवृत्त कामगार, ज्यांचं पेन्शन कापलं जाणार होतं. शेवटी धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि संग्रहालय यांनी मिळून आठशे दशलक्ष डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. चित्रं वाचली, पेन्शनची कुऱ्हाड बोथट झाली. बोथट म्हणजे बोथटच: साध्या कर्मचाऱ्यांचं पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं गेलं, महागाईनुसार होणारी वाढ गेली, आरोग्याच्या सोयी आक्रसल्या. पण डिसेंबर २०१४ मध्ये शहर दिवाळखोरीतून बाहेर आलं. दीड वर्षात. याचं श्रेय स्नायडरना द्यायलाच हवं, ते मागत नसले तरी.

फ्लिंट त्याच राज्यात, त्याच कायद्याखाली. जनरल मोटर्सचा जन्म १९०८ मध्ये इथलाच. १९६० च्या सुमारास दोन लाखांच्या घरात असलेली वस्ती निम्म्यावर आलेली, बहुसंख्य कृष्णवर्णीय, सुमारे चाळीस टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली. २०११ च्या अखेरीपासून शहर एकामागून एक बदलणाऱ्या प्रशासकांच्या हातात. शहर अनेक दशकं डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचं शुद्ध केलेलं पाणी विकत घेत होतं, आणि ते महाग होतं. नवी स्वतंत्र पाइपलाइन ठरली. तिच्यात सामील व्हायला नगरपरिषदेनेही मत दिलं होतं. पण ती पूर्ण व्हायला दोन-अडीच वर्षं होती. तोवर काय? तोवर आपलीच फ्लिंट नदी वापरू, पाच दशलक्ष डॉलरच्या आसपास वाचतील, असं ठरलं. नदीचा हा निर्णय प्रशासकाच्या राजवटीतला.

२५ एप्रिल २०१४ रोजी समारंभ झाला. बटण दाबायला महापौर डेन वॉलिंगना उभं केलं, पाण्याचे पेले उंचावून चिअर्स झालं. अधिकार प्रशासकाकडे, फोटोत महापौर. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत हरले तेही महापौरच, कारण लोकांना शिक्षा देण्यासाठी मतपत्रिकेवर तेवढंच एक नाव उपलब्ध होतं.

रसायनाचा भाग साधा आहे. जुन्या शहरात जमिनीखालून घरात येणाऱ्या कित्येक नळ्या शिशाच्या. पाण्यात फॉस्फेट टाकलं की नळीच्या आत पातळ थर बसतो, आपल्या बंबात क्षार बसतात तसा, आणि शिसं पाण्यात उतरत नाही. डेट्रॉइटच्या पाण्यात फॉस्फेट होतं. फ्लिंट नदीचं पाणी जास्त गंजवणारं, आणि त्यात ते टाकलंच नाही. राज्याच्या पर्यावरण खात्याने सांगितलं, आत्ता गरज नाही. खर्च किती आला असता? दिवसाला शंभर-दीडशे डॉलर, असा अंदाज नंतर मांडला गेला. जुना थर विरघळला आणि शिसं नळातून पेल्यात आलं. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिशाची कोणतीच मात्रा सुरक्षित मानली जात नाही. त्याच काळात लिजिओनेअर्स नावाच्या न्यूमोनियाची साथ आली. त्यात बारा जण दगावले.

लोक गप्प नव्हते. तपकिरी पाण्याच्या बाटल्या घेऊन आया सभांना येत होत्या. जानेवारी २०१५ मध्ये डेट्रॉइटने पुन्हा पाणी द्यायची तयारी दाखवली. नको म्हटलं गेलं, परवडत नाही. त्याच महिन्यात फ्लिंटमधल्या राज्य सरकारच्या कार्यालयात कर्मचाऱ्यांसाठी बाटलीबंद पाण्याचे कूलर आले. मार्च २०१५ मध्ये नगरपरिषदेने ७ विरुद्ध १ मताने ठराव केला, डेट्रॉइटच्या पाण्याकडे परत चला. प्रशासक जेरी अँब्रोझ यांनी तो अनाकलनीय ठरवला, आणि विषय संपला. नगरपरिषदेच्या ठरावाला तेव्हा सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या मेसेजइतकीच किंमत होती.

माझ्या मते खरा मुद्दा इथे आहे. प्रशासक दुष्ट नव्हते आणि गव्हर्नरही नव्हते. त्यांनी जे दूर केलं ते त्यांना घर्षण वाटत होतं: रटाळ सभा, आरडाओरडा करणारे नगरसेवक, एकेका ठरावाला लागणारे महिने. कंपनीत हे कापलं की काम वेगाने होतं. पण कंपनीकडे वाईट बातमी पोचवायला दुसरी वाट असते, विक्री घटते. गिऱ्हाईक काही न बोलता निघून जातं आणि महिनाअखेरीला आकड्यात दिसतं. शहराकडे अशी वाट नसते. पाणी कसंही आलं तरी बिल भरावंच लागतं, आणि फ्लिंटची पाणीपट्टी त्या काळात देशातल्या सगळ्यात चढ्या पाणीपट्ट्यांपैकी होती. म्हणजे वहीत सगळं ठीकच दिसणार. तिथे बातमी पोचते ती त्या रटाळ सभेतून, ओरडणाऱ्या नगरसेवकाकडून. ती वाट बंद केली की मग डॅशबोर्डवरचे काटे हिरवेच राहतात.

डेट्रॉइटमध्ये हे झालं नाही याचं कारण प्रशासक जास्त हुशार होता, हे नव्हे. तिथे मामला न्यायालयात होता. समोर न्यायाधीश स्टीव्हन ऱ्होड्स होते, धनकोंचे वकील होते, पेन्शनरांची समिती होती आणि योजनेवर पेन्शनरांनी मतदानही केलं. प्रशासकाला रोज कोणीतरी अडवत होतं. आणि प्रश्नही मुळात कर्जाचा, म्हणजे लेखापालाच्या वहीत मावणारा. शिसं वहीत मावत नाही.

याच काळातली आणखी एक गोष्ट कमी लोकांना माहीत आहे. बेकारभत्ता देणाऱ्या राज्याच्या खात्याने ऑक्टोबर २०१३ मध्ये नवी संगणक प्रणाली आणली. अर्जात आणि मालकाने दिलेल्या माहितीत फरक दिसला की ती परस्पर फसवणुकीचा शिक्का मारायची, आणि दंड रकमेच्या चौपट. दोन वर्षांत सुमारे ४० हजार लोकांवर शिक्का बसला. राज्याने नंतर जी प्रकरणं स्वतःच तपासली त्यांतली ९३ टक्के चुकीची निघाली. तोवर कोणाचे पगार जप्त झाले होते, कोणी दिवाळखोर झालं होतं. यंत्राने माणसाची जागा घेतली की काम झटपट होतं हे खरंच. इथे अन्यायही झटपट झाला. मराठीत एखाद्याचं 'गिऱ्हाईक करणं' याचा जो अर्थ होतो, तो मला या प्रकरणात हटकून आठवतो.

फ्लिंटचं बिंग बाहेरच्यांनी फोडलं. व्हर्जिनिया टेकचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स यांनी रहिवाशांच्या मदतीने घराघरांतलं पाणी तपासलं. २४ सप्टेंबर २०१५ रोजी स्थानिक बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटिशा यांनी मुलांच्या रक्तातल्या शिशाचे आकडे पत्रकार परिषदेत मांडले. आधी सरकारी यंत्रणेने त्यांनाच खोटं पाडायचा प्रयत्न केला. मग सरकारने आपलेच आकडे पुन्हा चाळले, आणि ते जुळले. १६ ऑक्टोबरला शहर डेट्रॉइटच्या पाण्यावर परत आलं. नळ्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

जानेवारी २०१६ च्या वार्षिक भाषणात स्नायडरनी फ्लिंटच्या लोकांची माफी मागितली आणि हे मी निस्तरीन असं सांगितलं. त्यांनीच नेमलेल्या चौकशी समितीने मार्चमध्ये अहवाल दिला. मुख्य जबाबदारी राज्याच्या पर्यावरण खात्याची, आणि प्रशासकाच्या कायद्याने स्थानिक लोकांचा अंकुश काढून घेतला हेही एक कारण, असं त्यात स्पष्ट म्हटलं. आपल्याच समितीला इतकं मोकळं बोलू देणारे नेते कमी असतात, हे त्यांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. जानेवारी २०२१ मध्ये त्यांच्यावर कर्तव्यात कसूर केल्याचे दोन किरकोळ गुन्हे दाखल झाले. आरोप ठेवण्याची पद्धतच चुकीची, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवल्याने ते पुढे रद्द झाले. खटला कधी उभाच राहिला नाही. राज्य सरकारने फ्लिंटवासीयांना भरपाई म्हणून ६०० दशलक्ष डॉलर देण्याचं मान्य केलं. वाचवायचे होते पाच.

कारकिर्दीच्या शेवटच्या वर्षी, एप्रिल २०१८ मध्ये, स्नायडर सरकारने फ्लिंटमधलं मोफत बाटलीबंद पाणी बंद केलं. जवळपास दोन वर्षांच्या तपासण्यांत शिसं मर्यादेच्या आत आहे, आकडे चांगले आहेत, असं कारण दिलं. आकडे खरे होते. ती बातमी आली तेव्हा वाटप केंद्रांबाहेर मोटारींच्या लांब रांगा लागल्या होत्या. उरलेल्या बाटल्या संपायच्या आत आपल्या डिकीत जितक्या बसतील तितक्या भरून न्यायला लोक आले होते.